आधी भांडून घ्या

आमच्या मार्थाअक्काला शांतता सहन व्हायची नाही. ती आमच्याकडे राहायला आली आणि घरात थोडा वेळ कुणी बोललं नाही, की स्वयंपाकघरातून डोकावायची आणि विचारायची, "कोण रुसलंय?" कुणीच रुसलेलं नसायचं. मी पेपर वाचत असायचो, माझी लेक सारा मोबाइलमध्ये असायची, बायको डाळ निवडत असायची. तरी अक्काचं समाधान व्हायचं नाही. ती बाहेर येऊन ताप बघावा तशी प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघायची आणि नाइलाजाने परत जायची.

ताप बघणं हा तिचा धंदाच होता. सांगलीत एका दवाखान्यात तिने नर्सचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावरही तिथल्याच एका चाळीत दोन खोल्यांत राहिली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "दोन भाऊ काय कमी हायेत व्हय डोस्क्याला?" अंगाने काडी, आवाज मात्र गुऱ्हाळावर हाका मारणाऱ्या माणसाचा. पर्समध्ये थर्मामीटर, सेफ्टी पिना, पेपरमिंटच्या गोळ्या आणि पवित्र शास्त्र एकत्र नांदायचं. देवळात गाणं सुरू झालं की ती पेटीच्या एक ओळ पुढे असायची. पेटीवाले बिचारे शेवटच्या कडव्यापर्यंत तिला गाठायचा प्रयत्न करायचे, आणि ते 'आमेन'पर्यंत पोचायचे तेव्हा अक्का पुस्तक मिटून बसलेली असायची.

आईने आमची नावं शास्त्रातून निवडली होती. थोरली मार्था, मधला याकोब, शेंडेफळ मी बेन्यामीन, म्हणजे घरचा बन्या. शास्त्रातली मार्था पाहुण्यांच्या सरबराईत अडकली आणि तिला प्रभूचे बोल ऐकावे लागले, ही गोष्ट पाळकसाहेबांनी सांगितली की अक्का हमखास चिडायची. "समद्यांनी पायापाशी बसून आयकलं असतं तर प्रभूला जेवायला कुणी घातलं असतं?" असं ती उपासनेनंतर पाळकांना विचारायची. पाळक बदलून जायचे, अक्काचा प्रश्न तिथेच राहायचा.

तिचा दुसरा ठरलेला मुद्दा शांतीचा होता. डोंगरावरच्या उपदेशात 'जे शांती करणारे ते धन्य' असं आहे. अक्का त्यातल्या 'करणारे'वर बोट ठेवायची. "करणारे म्हटलंय. गप बसणारे न्हाई म्हटलं. शांती भाकरीगत असती. पीठ मळावं लागतं, थापावं लागतं, हात भाजत्यात. डब्यात पीठ हाय म्हणून कुणाचं पोट भरलंय व्हय?"

आणि ती नुसतं बोलून थांबायची नाही. चाळीत शिंदेकाकू आणि त्यांच्या शेजारच्या पाटीलकाकू यांच्यात गच्चीवर मिरच्या वाळत घालण्यावरून बिनसलं. दोघी एकमेकींकडे बघेनात. बाकीची चाळ म्हणाली, बरं झालं, कटकट तर नाही. अक्काला मात्र घास गिळेना. तिने एक दिवस दोघींना वेगवेगळ्या निमित्ताने आपल्या खोलीत बोलावलं, चहा ठेवला, आतून कडी घातली आणि कडीला पाठ लावून उभी राहिली. "हं, भांडा. पुरं भांडा. अर्ध्यावर सोडलंय म्हणून कुजलंय ते." दोघी आधी लाजल्या. मग शिंदेकाकूंनी मिरच्यांपासून सुरुवात केली, ती कुणाच्या तरी बारशात न दिलेल्या ओटीपर्यंत पोचली. पाटीलकाकूंनी त्याही मागचं काढलं. अक्का मध्येमध्ये "आणि काय?" एवढंच विचारायची. शेवटी सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा दोघी रडल्या आणि गार चहा प्यायल्या. त्या वर्षी दोघींच्या मिरच्या एकाच कांडपात कुटल्या गेल्या. तेव्हापासून चाळीत कुणाचं वाजलं की लोक म्हणायचे, "सिस्टरकडं जा, आधी भांडून घ्या."

ही विद्या आईची. आई मिशनच्या बोर्डिंगात भाकऱ्या करायची, वडील आम्ही लहान असतानाच गेलेले. आमच्या घरी भांडणाला शिक्षा नव्हती, पण कायदा होता. ज्या दोघांचं भांडण, त्यांना एकाच ताटात एकच भाकरी मिळायची. ती दोघांनी मिळून मोडायची, एकमेकांना 'सलाम' म्हणायचं आणि मगच खायची. आम्हा ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर सलाम म्हणायची पद्धत आहे. एरवी तो शब्द सहज तोंडात येतो, पण भाकरी समोर असताना आणि समोरच्याने नुकतंच तुमचं पुस्तक फाडलेलं असताना तो घशातून निघत नाही. या ताटाचे कायमचे गिऱ्हाईक म्हणजे अक्का आणि याकोबदादा. मी लहान म्हणून बहुतेक वेळा प्रेक्षक. दोघे ताटावर बसून राहायचे, भाकरी वाळायची, आणि आई त्यांच्याकडे पाठ करून पुढच्या भाकऱ्या थापत राहायची. शेवटी भूक जिंकायची. मग मोठा तुकडा कुणाकडे गेला यावरून नवं भांडण, आणि नवी भाकरी. मला अजून वाटतं, दादा वाढत्या वयात दुसऱ्या भाकरीसाठीच भांडायचा.

घरात उठायचाही एक क्रम होता. सगळ्यांत आधी आई. तिला निजलेली आम्ही पाहिलीच नाही. तिच्या मागोमाग अक्का. मी तिसरा. आणि दादा आपणहून कधीच नाही. हाका मारून तो उठायचा नाही, पाणी शिंपडलं तर कूस बदलायचा. अक्का त्याचा पाय धरून त्याला वाकळेसकट उंबऱ्यापर्यंत ओढत न्यायची. शास्त्रातल्या याकोबाने जन्मताना भावाची टाच धरली होती म्हणतात. आमच्या घरात रोज सकाळी याकोबाचीच टाच धरली जायची. पुढे हा माणूस फौजेत गेला, हवालदार होऊन परत आला, पण तिथे त्याला कोण उठवायचं हे कोडं सुटलेलं नाही.

फौजेतून आल्यावर दादाने कराडजवळ मलकापुरात घर बांधलं. अक्का सांगलीत, मी साताऱ्यात. नोकरी शिरवळच्या कारखान्यात, कंपनीच्या बसने जाऊन-येऊन. आई दादाकडे असायची आणि तिथेच गेली. मलकापुराजवळच्या आमच्या दफनभूमीत तिला माती दिली. इथपर्यंत सगळं एकमताने झालं. बिघडलं ते दगडावरून.

दादाने कुणाला न विचारता कबरेवर उभा करायचा दगड घडवून आणला. काळा, गुळगुळीत, त्यावर आईचं नाव आणि खाली 'शांतीने विसावा घेत आहे'. दगड टेम्पोतून उतरला, अक्काने अक्षरं वाचली, आणि ती दगडावर जाऊन बसली. पदर खोचून, मांडी घालून.

"ऊठ अक्का, गवंडी थांबलाय," दादा म्हणाला.

"ह्ये कुणी लिवलं?"

"मी. का?"

"आईनं उभ्या जन्मात कवा विसावा घेतला व्हता रं? आन् शांती म्हंजे काय झोप वाटली तुला? दवाखान्यात झोपेची सुई देत हुते मी. तिला शांती म्हणत न्हाईत."

"मग काय लिवू?"

"'सगळ्यांच्या आधी उठेल' असं लिव. प्रभू परत यील, मेलेल्यांस्नी उठवंल, त्या सकाळी समद्या कबरस्तानात पैली कोण उठंल? आई. बाकीचं डोळं चोळत बसत्याल, तंवर हिची चूल पेटली असंल."

"आता तरी निजू दे की तिला," दादा म्हणाला. पण फौजी आवाजात म्हणाला, त्यामुळे ते हुकमासारखं ऐकू आलं. अक्काला हुकूम सोसत नसे. ती दगडावरून हलली नाही. गवंडी गेला, टेम्पोवाला पेपरमिंटची गोळी घेऊन गेला, आणि संध्याकाळी दगड दादाच्या अंगणात परत आला. तिथे तो भिंतीला टेकून राहिला. थोड्या दिवसांनी आडवा झाला. वहिनी त्यावर पापड वाळत घालू लागली. "सासूबाईंचा हात अजून हाय पापडाला," असं म्हणायची, आणि त्यात चेष्टा किती आणि माया किती हे सांगता येत नसे.

अक्का आणि दादा बोलेनासे झाले. जी बाई चाळभर लोकांना कडी लावून भांडायला लावायची, तिचं स्वतःचं भांडण मात्र अर्ध्यावर राहिलं. वर्षं गेली. आईच्या कबरेवर नुसती माती आणि आम्ही नाताळात लावलेली झेंडूची रोपं. मध्ये मी. मी म्हणजे दोन गावांच्या मधला टपाल्या. अक्का फोन करून सांगायची, "हवालदाराला गुडघ्याचं दाखवून घ्यायला सांग. मी म्हटलं म्हणू नगंस." दादा गुळाची ढेप माझ्या हातात द्यायचा. "सांगलीला पोचव. बाजारात घेतला म्हण." सांगलीहून हळद यायची, तीही बाजारातलीच. बाजारातली म्हणून दादा ती कपाटात वर जपून ठेवायचा आणि रोजच्या भाजीला दुसरी वापरायचा. मी अक्काला एकदा म्हटलं, "तुझी कडी लावायची युक्ती आपल्या घरात कर की." तर म्हणाली, "कडी लावायला तिसरं माणूस लागतंय. भांडणाऱ्यानं सोता लावली तर त्याला कोंडणं म्हणत्यात."

सारा दृढीकरणाला बसली तेव्हा मी दोघांनाही साताऱ्याला बोलावलं. पोरीचं पहिलं प्रभुभोजन, देवळात पाळकांच्या हातून प्रभूची भाकर घ्यायचा पहिला दिवस, न येऊन चालणार नव्हतं. दोघे आले. आमच्या देवळात बाया डावीकडे आणि पुरुष उजवीकडे बसतात, ते त्या दिवशी फार सोयीचं झालं. अक्का डावीकडे शेवटच्या बाकावर, दादा उजवीकडे शेवटच्या बाकावर. दोघांच्याही बाजूला दार. एवढा विचार करून बसले असतील असं मला वाटलं नव्हतं.

भाकर मोडायच्या आधी आमच्याकडे सगळे एकमेकांचा हात हातात घेऊन 'ख्रिस्ताची शांती तुमच्याबरोबर असो' असं म्हणतात. पाळकसाहेबांनी तसं सांगितलं. लोक उठले, हात धरू लागले. मी मागे वळून बघितलं तर अक्काची जागा रिकामी. दुसरीकडे बघितलं तर दादाचीही रिकामी. मी मधल्या दाराशी गेलो. अक्का डाव्या दाराने बाहेर पडली होती, दादा उजव्या दाराने. आणि दोघे पुढच्या व्हरांड्यात चपलांच्या ढिगाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे होते.

"तू का भाईर?" अक्काने विचारलं. इतक्या वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"हवा खायला. तू?"

"मी दर येळेला भाईर येते. भावाशी बोलत न्हाई आन् भाकर कुठल्या तोंडानं खाऊ? दान तितंच ठेवून आदी भावाकडं जा, असं लिवलंय. वाचता येतंय न्हवं?"

दादा चपलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मीबी घेत न्हाई."

"कवापास्नं?"

"तू दगडावर बसलीस तवापास्नं."

अक्काचा आवाज चढला. "म्हंजे मी तिकडं तुझ्यामुळं उपाशी, आन् तू हिकडं माझ्यामुळं? मला वाटायचं तू इस्त्रीचा शर्ट घालून मज्जेत पुढं जात असशील."

"मलाबी तुझं तसंच वाटायचं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू का न्हाई बोललीस? थोरली तू हायेस."

आणि सुरू झालं. मिरच्यांचं भांडण ओटीपर्यंत गेलं होतं, हे फाडलेल्या पुस्तकापर्यंत गेलं. दादाने अक्काचा हट्टीपणा काढला, अक्काने त्याची हुकूमशाही काढली, कुणाच्या तरी वाळलेल्या भाकरीचा मोठा तुकडाही निघाला. आत सगळं देऊळ कान देऊन बसलं होतं. पाळकसाहेब तरुण, नवे. हातात भाकर धरून तसेच उभे. पेटीवाल्यांनी लाज झाकायला एक गंभीर चाल धरली, तर अक्का तिथूनच ओरडली, "जरा ती पेटी थांबवा वो, आमचं आमाला आयकू यीना." पेटी थांबली.

त्या थांबलेल्या पेटीतच दादाचा आवाज फुटला. "तिला एक दिस दुपारची निजलेली बघितली न्हाई मी, अक्का. सुट्टीवर यायचो तवाबी चुलीपाशीच. तिला एकदा तरी पडू द्यावं वाटलं, म्हणून लिवलं. माझं काय चुकलं?"

अक्का पायरीवर बसली. पदराने चेहरा पुसला. "हे तवाच सांगायचं न्हाईस व्हय?"

"तू बसली व्हतीस की. बसलेल्या बाईला काय सांगायचं?"

"मला वाटलं, तू तिला कायमची निजवलीस. ती उठणार हाय, याकोब. ती उठली न्हाई तर आपुन तिला परत कवा बघायचं?"

अक्का उठली, दादाच्या इस्त्रीच्या शर्टाची बाही धरली आणि त्याला मधल्या वाटेने आत घेऊन आली. "पाळकसाहेब, चालू द्या. झालं आमचं," ती म्हणाली.

सारा आणि तिच्याबरोबरची पोरं पुढे गुडघ्यावर होती. अक्का आणि दादा त्यांच्या शेजारी टेकले. पाळकसाहेबांनी अक्काच्या हातावर भाकरीचा इवलासा तुकडा ठेवला. अक्काने तो तोंडात घातला नाही. सवयीने मोडला. आईच्या ताटावर मोडायची तसा. "सलाम," ती म्हणाली आणि मोठा भाग दादापुढे धरला. तोपर्यंत पाळकसाहेबांनी दादालाही त्याचा तुकडा देऊन टाकला होता. दादाने एकदा पाळकांकडे बघितलं, एकदा अक्काकडे, "सलाम" म्हणाला आणि दोन्ही खाल्ले. नंतर पाळकसाहेब मला हळूच म्हणाले की हे विधीला धरून नाही. मी म्हटलं, आमच्या घरच्या विधीला धरून आहे. दादाला त्या घरात नेहमीच जास्तीचं मिळालेलं आहे.

पुढच्या आठवड्यात दादाने पापड उचलून दगड पाथरवटाकडे नेला आणि मागच्या बाजूला अक्काचं वाक्य कोरून घेतलं. दगड बसवायला आम्ही तिघं गेलो. खड्डा तयार होता, गवंडीही तोच होता. आता प्रश्न उरला एकच, वाटेकडे कुठली बाजू करायची. मला वाटलं, आता पुन्हा बैठक. तसं झालं नाही. झालं ते त्याहून वाईट. अक्का म्हणाली, "विसावा म्होरं कर. तुझं बराबर व्हतं." दादा म्हणाला, "न्हाई, उठेल म्होरं. तुझं बराबर व्हतं." दोघांनी दगड धरला आणि प्रत्येकजण तो दुसऱ्याच्या बाजूने फिरवू लागला. आवाज चढले. शेजारच्या उसात खुरपणाऱ्या बाया बांधावर येऊन उभ्या राहिल्या. शेवटी गवंडी कंटाळला. त्याने दगड त्यांच्या हातातून घेतला, वाटेला काटकोनात उभा केला आणि माती भरून टाकली.

आईचा दगड आजही तसाच उभा आहे. वाटेवरून बघणाऱ्याला नुसती कड दिसते. इकडून गेलं की आई निजलेली, तिकडून गेलं की उठणार असलेली. आत जाणाऱ्याला दोन्ही वाचूनच बाहेर पडावं लागतं.

त्यानंतर दोघांनी रोज फोनवर भांडायचा रतीब लावला. गूळ स्वतःच्या नावाने सांगलीला जाऊ लागला आणि तो चिकट असल्याची तक्रार स्वतःच्या नावाने मलकापुरात येऊ लागली. कपाटातली हळद खाली उतरली. माझा फोन थंडावला. टपाल्याची नोकरी सुटली याचं मला थोडं वाईटही वाटलं.

मागच्या वर्षी अक्का अंथरुणाला खिळली. दवाखान्यातून घरी आणलं, कारण तिथल्या नर्सांना ती सलाइन कसं लावायचं ते शिकवत होती. दादा वहिनीला सांगून सांगलीला येऊन राहिला. मी सुट्टी मिळेल तसा जायचो. शेवटचं मी तिला पाहिलं ते एका सकाळी. दार नुसतं लोटलेलं होतं. आत दादा खुर्चीत बसल्या बसल्या घोरत होता आणि पाय त्याने अक्काच्या खाटेच्या कडेवर टाकले होते. राखण करायला आलेला माणूस. अक्का जागी होती. तिची नजर त्याच्या पायांवर होती. बोलायला बळ नव्हतं. माझ्याकडे बघून तिने डोळा मिचकावला, पांघरुणातून हात हळूहळू बाहेर काढला, दादाच्या पायाचा अंगठा धरला आणि ओढला. त्या ओढीने कागदही हलला नसता. पण दादा जागा झाला, एकदम, आणि म्हणाला, "उठलो, अक्का, उठलो."

तिला आम्ही आईशेजारी माती दिली. पाथरवटाने दादाला विचारलं, यांच्यावर विसावा लिहायचं का. "न्हाई," दादा म्हणाला. "'आईच्या मागोमाग उठेल' असं लिव." क्रम त्याला पाठ होता.

दगड बसवून झाल्यावर तो अक्काच्या पलीकडे, रिकाम्या जागेत जाऊन उभा राहिला. गुडघे दुखत होते तरी चपला काढल्या, तळव्याने माती चाचपली.

"बन्या, ही जागा माजी. माझ्यावर खुशाल विसावा लिव."

"आणि उठायचं, दादा?" मी विचारलं.

"मी कवा आपणहून उठलोय व्हय रं?" तो म्हणाला. "पाय तेवढं अक्काच्या हाताला लागतील असं निजवा."